शोधनिबंध खरा आहे. त्यातून काढलेला अर्थ नव्हे

प्रश्न: मी ठाण्यात वर्तकनगरला राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. माझा मुलगा एकवीस वर्षांचा असून ऐरोलीच्या एका महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकतो. गेल्या वर्षी त्याला नैराश्याचा मोठा त्रास झाला. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिनची गोळी सुरू केली आणि तो खरोखर सावरला. मागच्या आठवड्यात बोलता बोलता त्याने सांगितले की, येऊरकडच्या पार्ट्यांमध्ये त्याचे काही मित्र ‘एमडी’ नावाचा नशेचा पदार्थ घेतात. मी घाबरले, तेव्हा त्याने मोबाइलवर एक इंग्रजी शोधनिबंध उघडून दाखवला आणि म्हणाला, “आई, या गोळीमुळे मेंदूचं उलट रक्षण होतं, उंदरांवर सिद्ध झालंय. आणि भीती वाटत असेल तर आधी चार दिवस गोळी बंद ठेवता येते.” आपण अजून काही घेतलेले नाही, असे तो म्हणतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण त्या निबंधाला काय उत्तर द्यावे, हे मला कळले नाही. निबंध खरा आहे का?

उत्तर:

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपला मुलगा हा विषय आपल्यापासून लपवू शकला असता. त्याने तो आपल्यासमोर मांडला आणि सोबत पुरावाही आणला, ही फार मोलाची गोष्ट आहे. पुरावा घेऊन आलेल्या मुलाला केवळ धाकाने गप्प केले, तर पुढच्या वेळी तो पुरावाही दाखवणार नाही आणि बेतही सांगणार नाही. म्हणून त्याने दाखवलेल्या संशोधनाचे उत्तर संशोधनानेच द्यायला हवे.

निबंध खरा आहे. आपण त्याचे नाव कळवलेले नाही, परंतु त्यातला निष्कर्ष औषधशास्त्रात सुपरिचित आहे. मेंदूतील काही चेतापेशी सेरोटोनिन नावाचे रसायन बाहेर सोडतात आणि नंतर त्यातले बरेचसे एका वाहक प्रथिनामार्फत परत आत ओढून घेतात. हे प्रथिन म्हणजे पेशीचे दार आहे असे समजा. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधे ते दार अडवून धरतात. एमडीएमए हा नशेचा पदार्थ मुख्यतः त्याच दाराने पेशीत शिरतो आणि आतला सेरोटोनिनचा साठा एकदम बाहेर लोटतो. मोठ्या मात्रेत एमडीएमए दिलेल्या रॅट जातीच्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिनचे प्रमाण आठवडे, कधी महिने घटलेले राहते. सोबत फ्लुओक्सेटिन दिले, तर ही दीर्घकालीन घट टळते, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. फ्लुओक्सेटिन काही तास उशिरा दिले तरी संरक्षण मिळाले होते. त्यानंतर अनेक प्रयोगशाळांनी हा परिणाम पुन्हा पाहिला. म्हणजे मुलाने वाचले ते बरोबर वाचले, हे त्याला मोकळेपणाने सांगावे.

आता त्याच प्रयोगांकडे आणखी जवळून पाहू. ‘रक्षण’ कशाचे झाले? प्रयोगानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी उंदराचा मेंदू काढून त्यात सेरोटोनिन किती उरले हे मोजले, आणि ते टिकलेले आढळले. मोजमाप एवढ्याचेच होते. एमडीएमएने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत, आणि कारणे असतात शरीराचे तापमान बेसुमार वाढणे, स्नायू विरघळणे, मूत्रपिंडे निकामी होणे, हृदयाची लय बिघडणे किंवा रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरणे. मेंदूत काही आठवड्यांनी किती सेरोटोनिन उरेल, याचा त्या रात्रीच्या जीवघेण्या तापाशी थेट संबंध नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या रॅटवरील एका अभ्यासात हे स्पष्ट दिसले: फ्लुओक्सेटिनने सेरोटोनिनची घट रोखली, परंतु एमडीएमएमुळे वाढलेले शरीराचे तापमान त्याने कमी केले नाही. ज्या गोळीवर आपला मुलगा भरवसा ठेवू पाहतो आहे, तिने उंदराचा तापसुद्धा उतरवला नव्हता. हा एक मुद्दा त्याला पटला, तर बाकीचे सारे मागे पडले तरी चालेल असे मला वाटते.

तापमानाचा विषय निघालाच आहे, तर त्यावर थोडे थांबते, कारण प्राण्यांवरील या सगळ्या संशोधनात मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि इंटरनेटवरच्या चर्चांमध्ये तोच सर्वांत कमी येतो. रॅटला एमडीएमए दिल्यावर त्याचे तापमान वाढेल की उतरेल, हे ज्या खोलीत त्याला ठेवले आहे तिच्या तापमानावर अवलंबून असते. थंड खोलीत ते उतरते, उबदार खोलीत ते चढते, आणि खोलीचे तापमान काही अंशांनी बदलले तरी मेंदूच्या इजेत मोठा फरक पडतो, असे १९९८ मधील एका काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासात दिसून आले. याहून जुना एक निष्कर्ष ॲम्फेटामिन या त्याच कुळातील उत्तेजक पदार्थाचा आहे. १९४० च्या दशकातच संशोधकांच्या लक्षात आले होते की, एकेकटे ठेवलेले माउस जातीचे उंदीर जी मात्रा सहन करतात, तिच्याहून बऱ्याच कमी मात्रेने दाटीवाटीने ठेवलेले उंदीर मरतात. पदार्थ तोच, प्राणी तोच. बदलली ती केवळ गर्दी आणि सभोवतालची ऊब.

प्रयोगशाळेतले तापमान यंत्राने सांभाळलेले असते. येऊरच्या बाजूला एखाद्या बंद हॉलमध्ये पन्नास-साठ मुले तासन्तास नाचत असतील, तर तिथली हवा कशी असते याची कल्पना आपल्याला आहे. ठाण्याला खाडीचा दमटपणा बारा महिने आहे. घाम येतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. मे किंवा ऑक्टोबरमध्ये तर ठाणे स्टेशनच्या गर्दीत नुसते उभे राहिले तरी हे जाणवते. अशा वेळी पाणी भरपूर प्यावे, असा सल्ला मुले एकमेकांना देतात. परंतु एमडीएमए शरीरातील पाणी रोखून धरणारे संप्रेरक वाढवते, आणि फ्लुओक्सेटिनच्या गटातील औषधांमुळेही काहींच्या रक्तातील सोडियम कमी होते. दोन्ही एकत्र असताना साधे पाणी अतोनात प्यायल्याने सोडियम आणखी घसरून झटके येऊ शकतात.

पुढचा प्रश्न असा की, रॅटवरून माणसाबद्दल किती सांगता येते. औषधशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की, आधी रॅट आणि माउस यांच्यात काय फरक पडतो ते पाहा आणि मगच माणसापर्यंत उडी घ्या. एमडीएमएने रॅटच्या मेंदूत मुख्यतः सेरोटोनिनच्या पेशींना इजा होते. माउसच्या मेंदूत मात्र ती प्रामुख्याने डोपामिन या दुसऱ्या रसायनाच्या पेशींना होते. दोन्ही उंदीरच, एकमेकांचे जवळचे नातलग, आणि तरीही इतका फरक. यकृतातही फरक आहे. एमडीएमएचे विघटन माणसात मुख्यतः सीवायपी२डी६ नावाच्या विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होते, तर रॅटच्या शरीरात त्याची मुख्य वाट वेगळी असते. फ्लुओक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही दोन औषधे माणसातील हेच विकर जोरदारपणे दडपतात. रॅटवरील बहुतेक प्रयोगांत औषध एकदा, तेही एमडीएमएच्या आसपास काही तासांत, टोचून दिलेले असते, आणि एमडीएमए प्रति किलो वजनामागे अनेकदा १० ते २० मिलिग्रॅम इतके, कधी एकाहून अधिक वेळा दिलेले असते. आपला मुलगा वर्षभर रोज गोळी घेतो आहे. त्याच्या मेंदूने आणि यकृताने त्या औषधाशी जुळवून घेतलेले आहे. त्या प्रयोगातल्या उंदराची अवस्था आणि त्याची अवस्था एक नाही.

माणसांवर डॉक्टरांच्या देखरेखीखाली झालेल्या नियंत्रित अभ्यासांतून जे कळले आहे, ते या संदर्भात फार बोलके आहे. आधी पॅरॉक्सेटिन दिलेल्या व्यक्तींना एमडीएमएचा परिणाम कमी जाणवला, पण त्यांच्या रक्तातील एमडीएमएचे प्रमाण मात्र वाढलेले होते. जाणीव कमी आणि रक्तातला पदार्थ जास्त, अशी ही स्थिती आहे. पार्टीत असलेला मुलगा “मला काहीच वाटत नाही” असे म्हणतो, शेजारचा मित्र “मग अजून एक घे” म्हणतो, आणि शरीर मात्र आधीचेच अजून बाहेर टाकू शकलेले नसते. अभ्यासातल्या व्यक्तींजवळ डॉक्टर असतात आणि मात्रा मोजलेली असते. इथे दोन्हींपैकी काहीही नाही.

आतापर्यंत मी एमडीएमएबद्दल लिहिले, कारण निबंध त्याबद्दल आहे. परंतु आपल्या पत्रात मित्र घेतात तो पदार्थ ‘एमडी’ आहे. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत ‘एमडी’ म्हणून जे विकले जाते, ते सामान्यतः मेफेड्रोन असते. पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत आपण हे नाव वाचले असेल. २०१५ साली ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणले गेले. मेफेड्रोन आणि एमडीएमए हे दोन वेगळे रेणू आहेत. मेफेड्रोन सेरोटोनिनबरोबर डोपामिनलाही मोठ्या प्रमाणात बाहेर काढते, त्याचा अंमल लवकर ओसरतो, आणि म्हणून ते पुन्हा पुन्हा घेण्याची ओढ तीव्र असते. रॅटना कळ दाबून ते स्वतःच घेण्याची सोय करून दिली, तर ते कळ दाबत राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मेंदूतील दीर्घकालीन इजेबद्दल तर प्रयोगशाळांचे निष्कर्ष आपसातच जुळत नाहीत: काहींना रॅटच्या मेंदूत सेरोटोनिनची टिकून राहणारी घट आढळली, काहींना ती आढळली नाही, आणि या तफावतीमागे पुन्हा मात्रा व खोलीचे तापमान यांचाच मोठा हात असावा, असे मला वाटते. माणसात मेफेड्रोनचे विघटनही मुख्यतः त्याच सीवायपी२डी६ विकराने होते, जे फ्लुओक्सेटिन दडपते. म्हणजे आपल्या मुलाने एका पदार्थाबद्दलचा निबंध वाचून दुसऱ्या पदार्थाबद्दल स्वतःला धीर दिला आहे. आणि ज्या पुडीतून हे येते, तिच्यात याखेरीज काय काय मिसळलेले असते, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पुडीत काय आहे याची खात्री किती अवघड असते, याचा एक दाखला खुद्द या संशोधनाच्या इतिहासात आहे आणि तो आपल्या मुलाने जरूर वाचावा. २००२ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी ‘सायन्स’ या नामांकित नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला की, माणूस एका रात्रीत घेऊ शकेल अशा मात्रेतल्या एमडीएमएने माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींना गंभीर इजा होते. जगभर खळबळ उडाली. पुढच्या वर्षी, २००३ मध्ये, त्याच संशोधकांना तो निबंध मागे घ्यावा लागला, कारण एमडीएमएची चिठ्ठी लावलेल्या बाटलीत प्रत्यक्षात मेथॅम्फेटामिन हा वेगळाच उत्तेजक पदार्थ होता. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, नोंदणीकृत पुरवठ्यातून आलेल्या बाटलीबाबत हे घडले. संशोधकांनी ते शोधून काढले आणि जाहीर केले, ही विज्ञानाची जमेची बाजू आहे. पार्टीतल्या पुडीचे असे शुद्धिपत्र कोणी छापत नाही.

एक इशारा वेगळा द्यायला हवा, कारण या सदराचे इतर वाचकही नैराश्याची वेगवेगळी औषधे घेत असतील. वर लिहिलेला दार अडवण्याचा परिणाम सर्व औषधांना लागू नाही. मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर रोखणारी औषधे, उदाहरणार्थ मोक्लोबेमाइड, दार अडवत नाहीत. ती बाहेर पडलेले सेरोटोनिन नष्ट होऊ देत नाहीत. अशा औषधाबरोबर एमडीएमए घेतल्याने माणसे मरण पावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. प्राण्यांमध्ये अशा मिश्रणाची चिन्हे फार पूर्वी टिपली गेली: १९७१ साली या गटातले औषध आणि सेरोटोनिनचा कच्चा माल असलेले ट्रिप्टोफॅन एकत्र दिलेल्या रॅटमध्ये पराकोटीची अस्वस्थता आणि चढत जाणारा ताप दिसला. पुढे अशा अवस्थेतील रॅट डोके सतत दोन्ही बाजूंना डोलवतात, पुढचे पाय जागच्या जागी आपटतात आणि मागचे पाय फाकतात, याचीही पद्धतशीर नोंद झाली. माणसातील सेरोटोनिन सिंड्रोमची, म्हणजे सेरोटोनिन अति वाढल्याने होणाऱ्या विकाराची, ओळख पटण्यात या निरीक्षणांचा मोठा वाटा आहे. प्राण्यांवरील संशोधन मला मुळीच कमी लेखायचे नाही; धोक्याची दिशा ते फार चांगली दाखवते. अमुक एका मुलाला अमुक एका रात्री काही होणार नाही, ही हमी मात्र ते देऊ शकत नाही.

आता चार दिवस गोळी बंद ठेवण्याबद्दल. फ्लुओक्सेटिन हे शरीरातून अतिशय सावकाश जाणारे औषध आहे. त्याच्यापासून यकृतात तयार होणारे नॉरफ्लुओक्सेटिनही क्रियाशील असते आणि तेही कित्येक दिवस टिकते. म्हणूनच फ्लुओक्सेटिन थांबवून मोनोअमाइन ऑक्सिडेज रोखणारे औषध सुरू करायचे असेल, तर डॉक्टर किमान पाच आठवडे थांबतात. चार दिवसांत ना औषध शरीरातून जाते, ना यकृतातले विकर मोकळे होते. जाते ती उपचारांची शिस्त. वर्षभराच्या उपचारांनी मिळालेली स्थिरता अशा स्वतःहून केलेल्या खंडांनी ढासळते, आणि नशा उतरल्यानंतर येणारी खिन्नता ज्याला नैराश्य होऊन गेले आहे अशा मुलासाठी फार धोक्याची असते. या बाबतीत मी आपल्याला तडजोडीची कोणतीही मधली वाट सुचवू शकत नाही. गोळी सुरू करणे, कमी करणे, थांबवणे हे तिन्ही निर्णय त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबरच व्हायला हवेत.

त्याच्याशी बोलताना आपली विज्ञानाची सवय वापरा. हा निबंध त्याच्यासोबत बसून वाचा आणि त्याला शोधायला सांगा: कोणता प्राणी, किती मात्रा, एकदा की रोज, खोलीचे तापमान किती, शरीराचे तापमान मोजले का, आणि शेवटी नेमके काय मोजले. ही उत्तरे निबंधाच्या पद्धतींच्या भागात सापडतात, आणि सारांश वाचून थांबणाऱ्याला ती कधीच दिसत नाहीत. उत्तरे त्यानेच काढू द्या. त्यानंतर, जमले तर दुसऱ्या दिवशी, या निबंधापर्यंत तो कसा पोहोचला हे विचारा. जो मुलगा पूर्वतयारी म्हणून शोधनिबंध वाचतो, त्याच्यावर मित्रांचा आग्रह असू शकतो, गटाबाहेर पडण्याची भीती असू शकते, किंवा गोळीमुळे भावना बोथट झाल्यासारखे वाटत असू शकते. तशी तक्रार या गटातील औषधांबाबत अनेक रुग्ण करतात आणि डॉक्टरांकडे तिच्यावर मार्ग असतो. ती तक्रार त्याने डॉक्टरांना सांगितली आहे का, हे मात्र आवर्जून विचारा.

पुढच्या भेटीत त्याने हा सारा विषय डॉक्टरांपुढे काढावा. तो सज्ञान आहे. त्याने सांगितलेले गोपनीय राहण्याचा हक्क त्याला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिला आहे, त्यामुळे डॉक्टर कदाचित आपल्याला सगळे सांगणार नाहीत. त्याचा राग मानू नका, त्या गोपनीयतेमुळेच तो मोकळा बोलेल. वेदनाशामक ट्रामाडॉल आणि खोकल्याच्या काही औषधांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांचाही फ्लुओक्सेटिनशी सेरोटोनिनच्या वाटेने संबंध येतो, तेव्हा दुकानातून परस्पर आणलेल्या औषधांची यादीही त्याने सोबत न्यावी. मित्रांपैकी कोणाला यातून बाहेर पडायचे असेल, तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जाता येईल. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या क्रमांकांवर मोफत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने मुले उपचार टाळतात. त्यांना हे सांगायला हवे की, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे.

शेवटी एक गोष्ट आपण आणि त्याने, दोघांनीही लक्षात ठेवावी, कारण ती कदाचित त्याच्या मित्राच्या उपयोगी पडेल. असे काही घेतल्यानंतर काही तासांत कोणी विलक्षण अस्वस्थ झाले, थरथरू लागले, पाय ताठरले किंवा त्यांना लयीत झटके येऊ लागले, अंग तापून दरदरून घाम सुटला, किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. तोवर त्याला गर्दीतून बाहेर, वाऱ्यात आणावे, जाड कपडे काढावेत, अंग ओल्या कपड्याने पुसावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो स्नायूंच्या अतिरेकी हालचालीतून आलेला असतो. आणि डॉक्टरांना काय घेतले ते, तसेच रोजची गोळी कोणती, हे खरे खरे सांगावे. त्या उत्तरावरच उपचार ठरतात.

आपली,
सल्लागार